संगीतात पदवी करताना: दोन वेगांची तालीम आणि पोटापाण्याची तयारी

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात एका सत्राला सहा-आठ राग असतात आणि गुरूकडे एकटा यमन वर्षभर चालतो. संगीत घेऊन पदवी करणाऱ्यांची बरीचशी ओढाताण या दोन वेगांतून होते. कॉलेजचा वेग धरला तर वीस रागांची तोंडओळख होते, पण एकही राग अर्धा तास गाता येत नाही. नुसता गुरूचा वेग धरला तर प्रात्यक्षिकाला परीक्षक जौनपुरी विचारतात आणि विद्यार्थी आसावरी गाऊन मोकळा होतो. दोन्ही वेग एका दिवसात कसे बसवायचे आणि पदवी संपताना हातात काय असायला हवं, ते इथे मांडलं आहे. विषय हिंदुस्थानी संगीताचा आहे. उदाहरणं गायनाची जास्त असली तरी वादनाच्या विद्यार्थ्यांना ती सहज लावून घेता येतील.

प्रवेश घेण्याआधी

रस्ते तीन. पहिला म्हणजे साध्या कला महाविद्यालयात बीए करताना संगीत हा एक विषय घेणं. दुसरा, पूर्ण वेळ संगीत शिकवणारा विभाग. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र (गुरुकुल) आहे, मुंबई विद्यापीठाचा आणि एसएनडीटीचा संगीत विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आणि पणजीला गोवा कॉलेज ऑफ म्युझिकमध्येही सोय आहे. महाराष्ट्राबाहेर बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ आणि खैरागडचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय ही जुनी ठिकाणं. तिसरा रस्ता अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा: प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि शेवटी अलंकार.

तिसऱ्या रस्त्याबद्दल घरोघरी एक गैरसमज असतो. ‘विशारद झाली म्हणजे ग्रॅज्युएटच की’ असं म्हटलं जातं. काही ठिकाणी विशारदवर पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतोही, पण नोकरीच्या जाहिरातीत ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी’ असं छापलेलं असेल तर विशारदचं प्रमाणपत्र आपोआप चालत नाही. ज्या संस्थेत अर्ज करायचा, तिच्याकडून समकक्षतेचं उत्तर लेखी घ्या. कारकुनाच्या तोंडी ‘चालेल हो’वर दोन वर्षं घालवू नका. शक्य असेल तर पदवी आणि मंडळाच्या परीक्षा दोन्ही चालू ठेवा. राग बरेचसे तेच असतात, म्हणजे वेगळी मेहनत फारशी पडत नाही.

कॉलेज बघायला जाल तेव्हा माहितीपत्रकापेक्षा कपाट उघडून बघा. तंबोऱ्यांना तारा आहेत का? घोडीखाली धूळ साचली आहे का? प्रात्यक्षिकाच्या वर्गाला तबल्याची साथ रोज मिळते की फक्त परीक्षेच्या आठवड्यात? एका तुकडीत किती मुलं असतात? आठपेक्षा जास्त असतील तर तासाभरात तुमच्या वाट्याला सात मिनिटंही येत नाहीत, हे साधं गणित आहे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पट्टीचा, म्हणजे षड्ज किती उंचीवर धरायचा त्याचा: मुलं-मुली एकाच पट्टीत गातात का? बहुतेक ठिकाणी गातातच. त्याबद्दल पुढे.

प्रवेश चाचणीत साधारण दहा मिनिटं मिळतात, असं धरून तयारी करा. विलंबित (संथ) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, एक मात्रा चार सेकंदांची धरली तर एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. पाच मिनिटांत सहाच आवर्तनं बसतात. त्यात स्थायी, अंतरा आणि दोन आलाप झाले की वेळ संपली. म्हणून मोठा ख्याल अर्धवट सोडण्यापेक्षा मध्य लयीची बंदिश नीट मांडा. दरबारी, मारवा असले भारी राग टाळा. भूप, यमन किंवा बिहागात सूर पक्के आहेत की नाहीत ते पहिल्या मिनिटात कळतं आणि परीक्षकांना तेवढंच बघायचं असतं. आल्या आल्या तानांचा भडिमार करणाऱ्याला ते हमखास थांबवतात आणि म्हणतात, ‘नुसता षड्ज लावा.’

पट्टी स्वतःची ठरवा

बहुतेक पुरुष गायक काळी एक ते काळी दोनच्या (पेटीवरची पहिली-दुसरी काळी पट्टी) आसपास गातात, स्त्रिया काळी चार ते काळी पाचच्या आसपास. पण ‘आसपास’वर भागत नाही. पेटीसमोर बसा. दोन दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम हवा न गळता किती खाली ऐकू येतो ते बघा. मग तार (वरच्या सप्तकातला) पंचम मान न ताणता कुठपर्यंत जातो ते बघा. दोन्ही पंचम जिथून मिळतात तो तुमचा षड्ज. सकाळी आवाज खाली असतो, म्हणून एकाच वेळी तपासून निर्णय घेऊ नका.

वर्गात काळी चार लागली की मुलांची अडचण होते: मूळ षड्ज खालच्या सप्तकात बुडतो आणि तार सप्तकात किंचाळावं लागतं. वर्ग काळी एकचा असेल तर मुलींचा मंद्र गायब होतो, मग त्या घसा दाबून गायला लागतात. वर्गात बंदिश, शब्द आणि वजन उचला, आवाज लावण्याचा रियाज घरी स्वतःच्या पट्टीत करा. वर्गातला तास हा आवाजाचा रियाज आहे असं धरून चाललात तर दुसऱ्या वर्षापर्यंत आवाज जाडा आणि बसका होतो. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा राहिला तर काढे थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरयंत्र तपासून घ्या.

दिवस कसा लावायचा

सकाळी उठल्यावर चहाआधी पाणी, मग खरज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज. षड्जापासून खाली एकेक स्वर, प्रत्येकी एका श्वासात दहा-बारा सेकंद, मंद्र पंचमापर्यंत आणि परत. वीस मिनिटं पुरतात. आवाज मोठा करायचा नाही, तंबोऱ्यात मिसळवायचा. त्यानंतर पलटे, म्हणजे स्वरांच्या ठरावीक फिरत्या रचना. रोज चारच घ्या, चाळीस नकोत. मेट्रोनोम साठवर लावून एका ठोक्यात दोन स्वर, तीन वेळा स्वच्छ आले की ऐंशी, मग शंभर. एखाद्या वेगाला अडखळलात तर तिथेच थांबा, दुसऱ्या दिवशी वीसने मागे येऊन सुरू करा. वेग वाढताना जबडा हलायला लागला की समजा, स्वर घशातून सुटण्याऐवजी तोंडाने घडवले जात आहेत. हे स्वतःला ऐकू येत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि निम्म्या गतीने ऐका. ज्या तानेला ‘सफाई’ म्हणून पाठ थोपटून घेतली होती, तिच्यातले गिळलेले स्वर लगेच सापडतात.

संध्याकाळचा तास गुरूच्या रागाला. इथे घाई नाही, वर्षाला दोन राग पुरेसे. कॉलेजच्या रागांना मात्र फेरी लावा: रोज दोन राग, पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे आठ राग चार दिवसांत एकदा हाताखालून जातात. प्रत्येक रागाचं एक कार्ड करा. त्यावर आरोह-अवरोह, मुख्य अंग, न्यासाचे (थांबण्याचे) स्वर, दोन बंदिशींचे मुखडे आणि सर्वांत खाली ‘शेजारी कोण’. परीक्षक शेजाऱ्यातच पकडतात. भूप आणि देशकार दोघांचे स्वर तेच: सा रे ग प ध. भूपाचा वादी (मुख्य स्वर) गंधार, चाल पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात), वेळ रात्रीची. देशकाराचा वादी धैवत, चाल उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात), वेळ सकाळची. कार्डावर हे लिहिणारा विद्यार्थी गाताना मात्र देशकारातही गंधारावर येऊन बसतो, कारण भूप आधी शिकलेला असतो आणि तो ओढतो. उपाय एकच: देशकाराचा रियाज तार षड्जापासून सुरू करा, धैवतावर थांबा, ऋषभावर अजिबात थांबू नका, मग गंधार-पंचम-धैवत असं परत वर जा. आठवडाभर देशकार गाताना भूप बंद ठेवा. मारवा, पूरिया आणि सोहनी या त्रिकुटालाही हीच पद्धत लावा.

लिपी आणि लयकारी, जिथे गुण सांडतात

लेखी पेपरात मुलं इतिहास घोकतात आणि गुण घालवतात स्वरलिपीत. कारण साधं आहे. भातखंडे पद्धतीत मंद्र स्वराला खाली टिंब, तार स्वराला वर टिंब. पलुस्कर पद्धतीत मंद्र स्वराला वर टिंब आणि तार स्वरावर उभी रेघ. म्हणजे एकच टिंब एका पद्धतीत तार सप्तक दाखवतं, दुसऱ्यात मंद्र. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) भातखंडे पद्धतीत × ने दाखवतात आणि ‘खाली’ (जिथे टाळी देत नाहीत ती मात्रा) शून्याने. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला + असतो. कॉलेजचं पुस्तक एका पद्धतीचं, क्लासची वही दुसऱ्या पद्धतीची, आणि विद्यार्थी पेपरात दोन्हींची खिचडी करतो. पानाच्या कोपऱ्यात पद्धतीचं नाव लिहा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

लयकारीत दुगुन (दुप्पट लय) आणि चौगुन (चौपट) सगळ्यांना येते. त्रितालात एकपट आवर्तनाची दुगुन नवव्या मात्रेपासून, चौगुन तेराव्या मात्रेपासून. तिगुन (तिप्पट) आली की गोंधळ उडतो, कारण त्रितालाच्या सोळा मात्रा तीनने भागल्या जात नाहीत. एकताल सोपा: बारा भागिले तीन म्हणजे चार, म्हणून नवव्या मात्रेपासून. झपताल अवघड. दहा बोल तिगुनीत बसवायला तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रा लागतात, म्हणजे सुरुवात सातव्या मात्रेच्या दोन तृतीयांश भागानंतर. हे पाठ न करता उलटं मोजा. शेवटच्या तीन मात्रांत नऊ बोल बसतात, उरलेला एक बोल त्याआधीच्या मात्रेच्या शेवटच्या भागात:

सातवी: ऽ ऽ धी
आठवी: ना धी धी
नववी: ना ती ना
दहावी: धी धी ना
आणि पुढची धी समेवर.

हाताने ताल धरून हे दहा वेळा म्हटलं की रूपक, धमार कुठलाही ताल असाच सोडवता येतो. सातव्या मात्रेतली दोन अवग्रह चिन्हं (ऽ) मोकळी सोडायला धीर लागतो. घाबरलेला विद्यार्थी तिथेच ‘धी’ टाकतो आणि समेच्या आधीच पोचतो.

शास्त्राच्या वाचनात एक गोष्ट जरूर जोडून घ्या. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीत, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने. म्हणजे श्रुती, ग्राम, मूर्च्छना हे शब्द पाठ करताना निदान गाव तरी ओळखीचं आहे, आजचं दौलताबाद. बाकी ग्राम-मूर्च्छनांचा आजच्या गाण्याशी संबंध जोडण्याची जबरदस्ती कोणी केली तर पेपरापुरतं मान हलवा.

तंबोरा लावता येत नसेल तर

फोनवरच्या तंबोऱ्यावर रोजचा रियाज चालतो. पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्या गायकाला खरा तंबोरा लावता येत नसेल तर बैठकीत सगळ्यांदेखत लाज जाते. पद्धत अशी. आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जाला मिळवा. दोन्ही एकाच वेळी छेडल्यावर लाटा उठत असतील तर त्या अजून मिळालेल्या नाहीत. लाटांचा वेग कमी होत थांबला की मिळाल्या. मग खरजाची जाड पितळी तार, एक सप्तक खाली. शेवटी पहिली तार पंचमाला. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला ती मध्यमाला लावा, पूरियाला निषादाला. खुंटीने जवळपास या, उरलेला बारीक फरक तारेवरच्या सरकत्या मण्याने काढा. खुंटी आत दाबत फिरवली नाही तर गाण्याच्या मध्येच सुटते.

मग जवारी, म्हणजे तारेचं गुंजन. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो, त्याला जीव म्हणतात. तो केसभर मागेपुढे सरकवत जा. एका जागी तार अचानक ‘उघडते’, गुंजन लांबत जातं. तिथे थांबा. धागा फार पुढे गेला की आवाज बसतो, जुना झाला की चपटा होतो. तेव्हा नवा घाला. पावसाळ्यात लाकूड आणि भोपळा दमट होतो, तारा सारख्या उतरतात, म्हणून कार्यक्रमाच्या तासभर आधी तंबोरा त्याच खोलीत उघडून ठेवा. एसीच्या हॉलमध्ये तर हे विसरूच नका. जवारी पार गेली असेल तर घोडी घासून घ्यावी लागते, ते काम घरी करू नका. मिरजेच्या तंबोरा कारागिरांकडे ते हात आहेत आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खरजात गंधार ऐकू येतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कानात बसवणं हे पदवीच्या पहिल्या वर्षाचं खरं काम, कारण पेटीचा शुद्ध गंधार त्यापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (एका अर्धस्वराचे १०० सेंट धरतात). फक्त पेटीवर रियाज करणाऱ्याचा यमन म्हणूनच किंचित टोचतो. पंचमाचा फरक दोनच सेंटचा आहे, तो कळत नाही. गंधारात मात्र चोरी पकडली जाते.

साथीला बसा

हा या लेखातला सर्वांत कामाचा भाग, आणि विद्यार्थी सर्वांत जास्त टाळतात तो. ‘मी गायक आहे, पेटी का वाजवू?’ कारण पहिली पाच वर्षं स्वतःच्या मैफली कोणी देत नाही, साथीला मात्र माणूस हवाच असतो. कथकच्या क्लासला रोज लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लागतो, तबल्याच्या परीक्षेला लेहरा लागतो, भजनी मंडळाला, सुगम संगीताच्या कार्यक्रमाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला पेटीवाला लागतो. या कामांचे पैसे लहान असतात पण नेमाने येतात, आणि मुख्य म्हणजे चार चांगल्या कलाकारांच्या मागे बसून त्यांची मांडणी जवळून बघायला मिळते.

सुरुवात त्रितालाच्या एका लेहऱ्याने करा. चंद्रकंसातला सगळीकडे चालतो. तोच लेहरा विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तिन्ही लयींत वीस-वीस मिनिटं न थांबता वाजवता आला पाहिजे. इथे दोन चुका ठरलेल्या. एक, भात्याचा हात समेवर जोर देतो आणि दर सोळा मात्रांनी आवाज उसळतो. दुसरी, तबलजीने आड लयीची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) घेतली की बोटं त्याच्या मागे धावतात. उपाय म्हणजे डावा हात वेगळा घडवणं: एक स्वर दाबून धरा आणि दहा मिनिटं फक्त भाता समान ठेवा. आणि तबला ऐकत असतानाही पायाने मात्रा मोजा, तिहाई संपेपर्यंत डोकं वर करू नका.

तबल्याच्या विद्यार्थ्यासाठी उलटा धडा. एकल वादनात वीस कायदे (तबल्यातल्या विस्ताराच्या ठरावीक रचना) येतात, पण विलंबित एकतालाचा ठेका अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आवर्तनात स्थिर धरता येत नाही. गायक आलाप करत असताना मधल्या जागा भरायची खाज दाबा. गायक दुसऱ्यांदा बोलावतो तो ठेक्यासाठी. आणि शाई सुटलेला, गजरा (पुडीच्या कडेची कातडी वेणी) वर-खाली झालेला तबला घेऊन जाऊ नका. थोडा फरक गजऱ्यावर हातोडी मारून निघतो, पाऊण स्वराच्या वरचा असेल तर गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवा, गजराच ठोकत बसलात तर पुडी फाटते.

नमुना ध्वनिमुद्रण आणि मंच

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत तीन मुद्रणं तयार ठेवा: वीस मिनिटांचा एक राग, सात-आठ मिनिटांची मध्य लयीची बंदिश, आणि एक नाट्यपद, अभंग किंवा ठुमरी. स्टुडिओ नको, पडदे-गाद्या असलेली घरातली खोली चालते. स्वयंपाकघर आणि रिकामा हॉल टाळा, तिथे आवाज घुमतो. फोनवर करणार असाल तर आधी आवाज ‘स्वच्छ’ करणारी सोय बंद करा. ती सोय सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजते आणि तंबोराच खाऊन टाकते. झूमवर परदेशातल्या विद्यार्थ्यांना शिकवतानाही हेच होतं, म्हणून तिथे ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला सांगा. आणि ऑनलाइन दोघांनी एकत्र गाण्याच्या फंदात पडू नका, आवाज उशिरा पोचतो आणि ताल मोडतो. मुद्रणात पातळीचा काटा वरच्या टोकाला लागू देऊ नका, तार सप्तकात फुटतो तो कायमचा. फाइलचं नाव ‘नवीन ३ फायनल’ असं न देता स्वतःचं नाव, राग, ताल आणि वर्ष असं द्या.

मंचावर ध्वनिव्यवस्था लावताना क्रम ठेवा: आधी तंबोरा, मग गायन, मग पेटी, शेवटी तबला. तबला आधी लागला की बाकी सगळे त्याच्याशी स्पर्धा करत आवाज वाढवत राहतात. माइक तोंडापासून चार-सहा इंच. मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीमागे, गायकाच्या समोर. बाजूला ठेवला की शिट्टी वाजते. ‘मॉनिटर वाढवा’ तीनदा म्हणण्याआधी ‘पेटी कमी करा’ एकदा म्हणून बघा.

आकाशवाणीच्या चाचणीचा अर्ज जवळच्या केंद्राकडे करा. कलाकारांना बी, बी-हाय, ए आणि टॉप अशी श्रेणी मिळते. रागांची यादी द्यावी लागते आणि तिच्यातला कुठलाही राग मागितला जातो. म्हणून यादीत शोभेचे राग घालू नका. गुरूकडचे चार आणि कॉलेजच्या फेरीतले पक्के झालेले, एवढेच लिहा. दोन वेग इथे एकत्र येतात.

नोकरी, शिष्यवृत्ती आणि बिल

सहायक प्राध्यापक व्हायचं तर २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) पात्रता परीक्षा, हा रुळलेला मार्ग. नेटला दोन पेपर मिळून दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास. सगळे पर्यायी उत्तरांचे. म्हणजे उत्तम गाणारा नापास होतो आणि कधी न गाणारा पास होतो. यावर चिडून उपयोग नाही, एमएच्या पहिल्या वर्षापासून रोज पाऊण तास प्रश्नसंच सोडवा. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. त्याच नियमांत नामवंत गुरूकडे शिकलेल्या, आकाशवाणी-दूरदर्शनची वरची श्रेणी असलेल्या पदवीधर कलाकारांसाठी वेगळी वाट आहे, ती वाचून ठेवा. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकाचं पद असतं, तिथे पदवी उपयोगी पडते.

संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला मिळते: दोन वर्षं, महिना ५,००० रुपये. त्यासाठी गुरूकडे किमान पाच वर्षं तालीम झाल्याचं दाखवावं लागतं. म्हणून गुरूंकडून दरवर्षी एक साधं सहीचं पत्र घेऊन फाइलला लावत जा. पाच वर्षांनी एकदम मागायला गेलात की तारखा कोणालाच आठवत नाहीत.

शिकवण्याचं काम तिसऱ्या वर्षापासून सुरू करा, पण दोन-तीनच विद्यार्थी घ्या. फी महिन्याची आगाऊ, आणि गैरहजेरीचा नियम पहिल्याच दिवशी सांगा. महिन्याला आठ तास ठरले असतील आणि विद्यार्थ्याने दोन चुकवले तर एकच भरून मिळेल, असं काहीतरी स्पष्ट. हे न ठरवणाऱ्याचा रविवार भरपाईच्या तासांत जातो आणि स्वतःचा रियाज बुडतो.

कार्यक्रमाचं ठरलं की तारीख, वेळ, मानधन, प्रवास, साथीदारांचे पैसे कोण देणार आणि चित्रीकरण कुठे जाणार, एवढं व्हॉट्सॲपवर का होईना लिहून घ्या. साथीदारांचं मानधन ‘त्यातूनच’ असं आयोजक म्हणाले तर आकडा तिथेच वेगळा करा. पॅन द्या. नाही दिलात तर कर २० टक्क्यांनी कापला जातो. कापलेला कर विवरणपत्र भरूनच परत मिळतो, उत्पन्न करपात्र नसलं तरी. चाल स्वतः बांधत असाल तर आयपीआरएसचं (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या. संगीतकार आणि गीतकाराचा रॉयल्टीतला हक्क २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर सोडून देता येत नाही, पण नोंदणीच नसेल तर पैसे पोचवायचे कोणाला?

बिलात एकच ओळ ‘मानधन’ अशी न लिहिता गायन, तबला साथ, पेटी साथ आणि प्रवास अशा चार ओळी लिहा. पैसे उशिरा आले तर निदान तबलजीला दाखवायला कागद असतो.